थंडीत पहाटे न उचलणारी डिझेल पिकअप: इंजेक्टर बदलण्याआधी काय तपासायचं

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं आहे. त्यांच्याकडे २०१४ सालची कॉमन रेल डिझेल पिकअप आहे, दोन लाख किलोमीटरच्या वर चाललेली. (कॉमन रेल म्हणजे पंप आधी रेल नावाच्या जाड नळीत मोठ्या दाबाने डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरांना जातं.) दिवाळीनंतर थंडी पडली की पहाटे सुरू व्हायला त्रास देते. चार-पाच लांब सेल्फ मारल्यावर खडखडत, पांढरा धूर सोडत उचलते. एकदा सुरू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फला पकडते. बॅटरी नवी टाकली, गार सिलिंडर आतून तापवणारे चारही हीटर प्लग बदलले, फरक नाही. आता गॅरेजवर सांगितलंय की पंप आणि इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) करावे लागतील, साठ-सत्तर हजार खर्च येईल. त्यांचा प्रश्न एवढाच आहे: करू का?

भाऊ, एवढ्यात करू नका. कदाचित शेवटी इंजेक्टरपर्यंत जावंही लागेल, पण तुम्ही जी लक्षणं सांगितली आहेत त्यावरून तिथून सुरुवात करणं चुकीचं आहे. बॅटरी आणि प्लग अंदाजाने बदलून झाले. आता तिसरा अंदाज साठ हजारांचा नको.

गाडी गॅरेजवर कधी नेता, याचा आधी विचार करा. गॅरेज उघडतं दहाला. तुम्ही पहाटे कशीबशी गाडी सुरू करता, माल पिंपळगावला टाकता आणि येताना गाडी दाखवता. तोवर इंजिन गरम, बाहेर ऊन. मिस्त्री सेल्फ मारतो, गाडी पहिल्या फटक्यात सुरू. जो दोष त्या वेळी गाडीत हजरच नाही तो त्याला दिसणार कसा? मग तो अनुभवावरून सांगतो, आणि दोन लाख चाललेल्या कॉमन रेल गाडीत अनुभव पंप-इंजेक्टरकडेच बोट दाखवतो. म्हणून गाडी रात्री गॅरेजवर उभी करा आणि मिस्त्रीला सकाळी पहिला सेल्फ त्याच्या मीटरसमोर मारायला सांगा. सेल्फ आधीच मारून इंजिन गरम केलं तर त्या दिवसाची तपासणी वाया गेली असं समजा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. "गाडी थंड असताना सुरू होत नाही" या तक्रारीत दोन वेगळी कारणं एकत्र झालेली असतात. एक म्हणजे खरोखरची थंडी: पारा पाच-सहा अंशांवर, इंजिन गार, तेल घट्ट. दुसरं म्हणजे गाडी आठ-दहा तास हललेली नाही. पहाटे दोन्ही गोष्टी एकदमच येतात, त्यामुळे आपण सगळा दोष थंडीवर टाकतो. पण डिझेल लाइनमधून मागे उतरत असेल तर त्याला मुख्यतः वेळ लागतो, थंडीची गरज असतेच असं नाही. ही दोन कारणं वेगळी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ती वेगळी करायला पैसे लागत नाहीत. एखाद्या दिवशी सकाळी आठ-नऊला गाडी बंद करून उन्हात उभी करा आणि थेट संध्याकाळी पाचला सेल्फ मारा. आठ तास उभी, पण इंजिन गार नाही. तरीही लांब सेल्फ लागला तर थंडीचा संबंध कमी, डिझेल मागे उतरतंय. झटकन सुरू झाली तर थंडीचा वाटा नक्की आहे. मग बांधावरच्या उताराचा उपयोग करा. एका रात्री पिकअपचं तोंड उताराकडे ठेवा, म्हणजे टाकी वर आणि इंजिन खाली. दुसऱ्या रात्री तोंड चढाकडे. चाकांना दगड लावा, नुसत्या हँडब्रेकवर सोडू नका. तोंड खाली असताना पहाटे सुरू होते आणि वर असताना त्रास देते, असं झालं तर दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये आहे हे जवळजवळ ठरलंच.

तिसरी खूण धुराची. तुम्ही लिहिलंय की उचलताना पांढरा धूर येतो. मला त्याआधीचं हवं आहे. पहिले तीन-चार सेल्फ मारताना, गाडी पकडण्याच्या आधी, सायलेन्सरमधून काही येतं का? घरातल्या कुणाला तरी टॉर्च घेऊन मागे उभं करा. सेल्फ फिरतोय आणि मागे काहीच नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये पडतच नाही. सेल्फ फिरताना डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पडतंय पण पेटत नाही. पहिल्यात शोध लाइन, हवा, रेलचा दाब या बाजूला. दुसऱ्यात प्लग, सेल्फ फिरण्याचा वेग, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते), नोझलचा म्हणजे इंजेक्टरच्या टोकाचा फवारा या बाजूला. या एका निरीक्षणाने अर्धं काम कमी होतं. (धुराला गोडसर वास असेल आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट बघा, तो विषय वेगळा.)

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते हे तुम्हाला माहीत आहेच. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. इंजिन गार असलं की ही उष्णता सिलिंडरच्या भिंती पिऊन टाकतात. त्यात सेल्फ हळू फिरला तर दाबलेल्या हवेला पिस्टनच्या रिंगांतून निसटायला आणि गार व्हायला जास्त वेळ मिळतो. म्हणून सेल्फचा वेग आधी बघायचा. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर असेल तर त्यावर सेल्फ फिरताना इंजिनाचे फेरे दिसतात. दोनशेच्या वर असतील तर निश्चिंत राहा, दीडशेच्या खाली असतील तर पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही.

बॅटरी नवी आहे म्हणून ती चार्ज आहे असं होत नाही. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे अर्धी बॅटरी. सेल्फ मारताना बॅटरीवर साडेनऊच्या खाली जाऊ नये. पण द्राक्षपट्ट्यातल्या गाड्यांमध्ये बॅटरीपेक्षा अर्थिंगच जास्त वेळा त्रास देतं असं माझं मत आहे. या पिकअपमध्ये खताच्या गोण्या जातात, फवारणीचे ड्रम जातात, मोरचुदाचं पाणी सांडतं. इंजिन आणि चासीला जोडणारी विणलेली पट्टी आतून हिरवी पडते, बोल्टखाली पांढरी भुकटी धरते. बाहेरून बघाल तर पट्टी जागेवर असते. त्यासाठी मल्टीमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर धरा, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. आता सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर तेवढं व्होल्टेज अर्थिंगमध्येच मरतंय. पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत घासा, गरज पडली तर नवी टाका. अशीच मोजणी पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंतही करा.

आता हीटर प्लग. तुम्ही चारही बदलले, पण त्यांना करंट मिळतो का हे कुणी बघितलं असं तुमच्या लिहिण्यात नाही. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा लागून विझतो म्हणजे प्लग तापले असा बहुतेकांचा समज आहे. तो दिवा गाडीचा कॉम्प्युटर लावतो. मध्ये रिले जळलेला असेल, मोठा फ्यूज गेला असेल, प्लगच्या डोक्यावरची पट्टी सैल असेल, तरी दिवा इमानेइतबारे लागतो आणि विझतो. गाडी पूर्ण गार असताना चावी ऑन करून प्लगच्या पट्टीवर व्होल्टेज मोजा. त्याहून चांगलं म्हणजे मिस्त्रीकडे डीसी क्लॅम्पमीटर असेल तर प्लगच्या वायरला लावा. साध्या बारा व्होल्टच्या प्रकारात एकेक प्लग स्थिरावल्यावर साधारण दहा-पंधरा अँपिअर घेतो, चारांचे मिळून पन्नासच्या जवळपास होतात. पंचवीस-तीसच दिसले तर दोन प्लग कामावर नाहीत. शून्य दिसला तर नवे प्लग नुसतेच बसलेले आहेत.

हे गरम इंजिनावर मोजलं तर फसाल. कूलंट गरम असेल तर कॉम्प्युटर प्लगांना करंट देतच नाही, द्यायची गरजच नसते. मग मीटरवर शून्य दिसतो आणि चांगला रिले बदलला जातो. याच्या उलटंही घडतं: इंजिन बर्फासारखं गार, पण कूलंटचा टेम्परेचर सेन्सर कॉम्प्युटरला सांगतोय की साठ अंश आहे. कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवतो, प्लग लावत नाही, डिझेलही कमी देतो. पकडायला सोपं आहे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी, सेल्फ मारण्याआधी, स्कॅनर लावा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे, दोन-तीन अंशांचा फरक चालतो. हवा सात अंश आणि कूलंट चाळीस दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याचं सॉकेट दोषी. हा पार्ट काही शे रुपयांचा असतो.

प्लग काढून थेट बॅटरीला लावून लाल होतो का बघण्याची पद्धत जुन्या गाड्यांना ठीक होती. नव्या इंजिनांत पाच किंवा सात व्होल्टचे प्लगही असतात, त्यांना बारा व्होल्ट दिले की क्षणात जळतात. प्लगवर छापलेला आकडा वाचल्याशिवाय हे करू नका. ओहममध्ये मोजायचं असेल तर जोडपट्टी काढून एकेक प्लग सुटा मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. पट्टी न काढता मोजलंत तर एक चांगला प्लग बाकीच्या मेलेल्यांना झाकून टाकतो.

एक मात्र लक्षात घ्या. कॉमन रेल इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या खळग्यात फवारलं जातं, त्यामुळे पंधरा अंशांच्या सकाळी प्लगांशिवायही ते थोड्या कुरबुरीने सुरू होतं. एक-दोन प्लग मेले तर गाडी सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट थरथरते, मिसिंग होते, पांढरा धूर देते. चार-पाच लांब सेल्फ लागणं हे नुसत्या प्लगांचं लक्षण वाटत नाही. म्हणून माझा संशय लाइनमध्ये हवा शिरण्यावर आहे.

ज्या गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो त्यांत इंजिनावरचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून फिल्टरमार्गे पंपापर्यंतची लाइन ओढीखाली असते. या लाइनला बारीक फट पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. फुटक्या स्ट्रॉने उसाचा रस ओढताना होतं तसंच. जमिनीवर डाग नाही, पाइप ओला नाही, त्यामुळे बघणारा म्हणतो लीकेज नाही. गाडी चालू असताना पंप एवढं डिझेल ओढतो की थोडी हवा निभावून जाते. रात्री गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल सावकाश टाकीकडे उतरतं. पहाटे पंपाला आधी ती हवा ओढून काढावी लागते. तोवर रेलमध्ये दाब बनत नाही, आणि साधारण दोनशे बारच्या आसपास दाब बनल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. तुमचे पहिले तीन-चार सेल्फ यातच जात असावेत. मग थोडं हवामिश्रित डिझेल पडतं, गाडी खडखडत पकडते, पांढरा धूर येतो. आणि थंडीतच का? जुने ओ-रिंग आणि रबरी पाइप गारठ्यात कडक होऊन आकसतात. उन्हाळ्यात तीच फट जवळजवळ बंद असते.

तपासायचं असं. फिल्टरवर किंवा लाइनमध्ये हाताने दाबायचा प्रायमर असतो. पहाटे सेल्फ मारण्याआधी तो दाबा. पाच-सात दाबांत कडक झाला तर लाइन भरलेली आहे. वीस-पंचवीस दाब पोकळ गेले आणि मग कडक झाला तर लाइन रिकामी होती. कडक झाल्यावर सेल्फ मारा. गाडी पहिल्याच सेल्फला पकडली तर दोष सापडला, साठ हजार वाचले. मग फिल्टर ते पंप यामध्ये तात्पुरता एक वीतभर पारदर्शक डिझेल पाइप दोन्हीकडे चांगल्या क्लिपा लावून बसवा. संध्याकाळी गाडी बंद करताना त्यात डिझेल काठोकाठ दिसेल. पहाटे बोटभर लांबीचा बुडबुडा वरच्या बाजूला जमलेला दिसला की शंका उरत नाही. सेल्फ मारताना बारीक बुडबुड्यांची माळच जाताना दिसली तर हवा मागून येते आहे. तपासणी झाली की तो पाइप काढून योग्य रबरी पाइप लावा, इंजिनाच्या उष्णतेत साधा पारदर्शक पाइप टिकत नाही.

हवा कुठून येते ते शोधताना मी आधी फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू आणि त्यावरचा पाण्याचा सेन्सर बघतो. फिल्टर बदलताना जुनाच ओ-रिंग परत लावलेला असतो, किंवा नवा चिमटलेला असतो. मग प्रायमरच्या आतला झडपेचा भाग, बॅन्जो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं त्या बोल्टचे) वॉशर, रबरी पाइपच्या क्लिपा, आणि शेवटी टाकीच्या तोंडाशी पाइप गंजला आहे का ते. फिल्टर कधी बदलला, आणि त्रास त्यानंतरच सुरू झाला का, हे आठवून बघा.

आता पंप-इंजेक्टर. इंजेक्टर आतून झिजला की डिझेल रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपात, जास्त पळतं आणि रेलचा दाब बनत नाही. पण गरम डिझेल पातळ असतं, ते झिजलेल्या फटीतून जास्त पळतं. म्हणून अशा गाड्या बहुतेकदा गरम असताना, हायवेवर चहाला थांबून परत सेल्फ मारताना त्रास देतात. तुमची गाडी गरम असताना अर्ध्या सेल्फला पकडते. हे लक्षण रिटर्न लीकच्या विरोधात जातं. पंपाचंही तसंच. नोझलचा फवारा बिघडून डिझेल थेंबथेंब पडत असेल तर थंडीत पांढरा धूर आणि खडखड होते हे खरं, म्हणून इंजेक्टर पूर्ण निर्दोष असं मी म्हणत नाही. पण बदलण्याआधी चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला एकसारख्या चार बाटल्या लावून गाडी काही मिनिटं चालवायला सांगा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा दुप्पट भरली तर तेवढाच इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर द्या. चारही सारख्या भरल्या तर चार इंजेक्टरांचं बिल का द्यायचं, हे गॅरेजवाल्यांना नम्रपणे विचारा. ते चांगले मिस्त्री असतील तर त्यांनाही हे आवडेल.

हे सगळं नीट निघालं आणि सेल्फ फिरताना पांढरा धूर मात्र भरपूर येत असेल, तर कॉम्प्रेशन बघावं लागेल. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढा. तिथून धुराचे झोत भकभक येत असतील आणि महिन्याला ऑइल टाकावं लागत असेल तर रिंगा गेल्या. कॉम्प्रेशन गार इंजिनावर मोजून घ्या. चार सिलिंडरांमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. इथे मात्र नवे इंजेक्टर टाकूनही पहाटेचा त्रास जाणार नाही, आणि इंजिन काम करायचं की नाही हे गाडीच्या किमतीकडे बघून ठरवावं लागेल.

डिझेल गोठतं असंही गावात कुणी सांगेल. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं, कारण तिथे तो खरोखर प्रश्न आहे. निफाडच्या चार-पाच अंशांत आपल्याकडचं हिवाळी डिझेल साधारणपणे वाहतं राहतं. मेण धरून फिल्टर तुंबलाच तर गाडी सुरू होऊन थोड्या वेळाने दम सोडते, आणि त्या पंपावर भरणाऱ्या बाकीच्यांचीही तीच तक्रार येते. म्हणून टाकीत रॉकेल मिसळू नका. कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेलने तो आतून खरवडला जातो, आणि मग खरंच पंपाचा खर्च येतो. ऑइल मात्र कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं हवं. १५डब्ल्यू-४० च्या जागी कुणी त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५० टाकलं असेल तर पुढच्या सर्व्हिसला बदला.

तोवर पहाटेचं काम थांबत नाही, द्राक्षं कुणाची वाट बघत नाहीत. पण एअर फिल्टरपुढे पेटतं फडकं धरणं, ऑइल चेंबरखाली जाळ करणं हे प्रकार पूर्ण बंद करा. गाडीसकट माणसं भाजतात. हीटर प्लगच्या इंजिनात स्टार्टिंगचा स्प्रेही मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टन, रिंगा तुटतात. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन सेल्फमध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ मोटर जळेल. सेल्फआधी चावी ऑन करून दिवा विझू द्या, चावी बंद करा, पुन्हा ऑन करा. प्लगांना करंट जात असेल तर त्यांना दुसरी फेरी मिळते. रात्री गाडी तोंड उताराकडे करून लावा, पहाटे आधी प्रायमर कडक होईपर्यंत दाबा आणि मगच सेल्फ मारा. किती दाबांनंतर तो कडक झाला तो आकडा रोज वहीत लिहून ठेवा. आकडा दिवसेंदिवस वाढत गेला तर हवा घेणारी जागा मोठी होते आहे. गाडी गॅरेजवर नेताना ती वही मिस्त्रीच्या हातात द्या.